फणसाच्या सुरीची मूठ

कासार आंबोलीत बहिरूला भोक पाडायला शिकवणं म्हणजे मांजराला झोपायला शिकवणं. कोयत्याची मूठ म्हणू नका, कुऱ्हाडीचा दांडा म्हणू नका, बंगलेवाल्यांच्या नावाच्या पाट्या म्हणू नका. गेल्या तीस वर्षांत गावात पडलेलं प्रत्येक भोक बहिरूनं पाडलेलं. त्याच्या बंडीचं तेवढं सोडा, ते आपोआप पडलंय.

यंदा फणस उतरले आणि त्याच्या बायकोनं, गोजराबाईनं, आपल्या बापाची सुरी बाहेर काढली. पातं झकास, मूठ पार कुजलेली. बापाच्या बाजेचा एक शिसवी खूर तिनं वीस वर्षं माळ्यावर जपला होता, तो तिनं बहिरूपुढं ठेवला.

"ह्याचीच मूठ करा. आन् लाकूड वाया घालवलंत, तर जेवायला सूसला जायाचं, तुमच्या बहिणीकडं."

बहीण सुलक्षणा सूसच्या सोसायटीत राहते आणि रात्री ओट्स खाते. बहिरू तिच्याकडं एकदाच मुक्कामाला गेला होता. पहाटेच पळून आला.

खूर उभा चिरल्यावर तीन चापट्या, म्हणजे चपट्या पट्ट्या, निघाल्या. मुठीला दोन्ही बाजूंनी मिळून दोन लागणार, एक जादा. बहिरूनं पहिली चापटी ओट्याच्या कडेवर पायाखाली दाबली, ड्रिल लावलं आणि सगळा भार टाकला. वरून भोक असं गोल, की बघत राहावं. खालून मात्र ड्रिलचं बिट बाहेर पडताना रुपयाएवढी ढलपी घेऊन गेलं.

वरच्या खोलीतला भाडेकरू स्वानंद, मूळचा लातूरचा, घरी बसून कंपनीचं काम करत होता. तो गॅलरीतून वाकला. "काका, खाली टाकाऊ फळी घ्या ना. तिच्यावर चापटी घट्ट आवळली की लाकूड खालून फुटत नाही. आणि मधूनमधून बिट वर काढून भुसा झाडायचा."

"सायेब, तुमी आजवर भोकं किती पाडली?"

"एकही नाही. व्हिडिओ बघितलेत."

"मग बघत ऱ्हावा."

स्वानंद मीटिंगला आत गेला, तसा बहिरू गुपचूप टाकाऊ फळी शोधायला लागला. एक सापडेना. घरातलं सगळं फळकूट गोजराबाईनं आंघोळीच्या बंबात घातलेलं. सपाट हवी, जाड हवी, डुगडुगायला नको. हिंडता हिंडता तो स्वयंपाकघरात पोचला. गोजराबाई रानात होती. पोळपाट मात्र घरात होता, तीन पायांवर ठाम.

उरलेल्या दोन्ही चापट्या एकावर एक ठेवून त्यानं पोळपाटावर शिकंज्यानं आवळल्या. पात्याच्या भोकांवरून खुणा केल्या. आधी बारीक बिट, मग जाड. हळू दाबायचं, वर काढायचं, फुंकर मारायची. स्वानंदनं सांगितलं तसंच सगळं, फक्त स्वानंदला दिसू न देता. तीन भोकं आरपार, आणि खालची कड अशी की सुईनं कोरावी. पितळी रिबिटा ठोकल्या, मूठ घासली, तेल पाजलं. पोळपाट पुसून जागच्या जागी.

संध्याकाळी गोजराबाईनं सुरी हातात घेतली. मुठीवरून अंगठा फिरवत बराच वेळ बसली. एवढं कौतुक बहिरूला लग्नात पण मिळालं नव्हतं.

मग ती चपात्या करायला बसली. ताटात पहिली चपाती पडली, तिच्यावर तीन पुटकुळ्या. दुसरीवरही तीन.

"हे काय हाय?"

"पीठ फुगलं आसंल."

"रांगंत?"

बहिरू चिडला. "फळकुटं बंबात कुणी घातली?"

"त्या पाण्यानं आंगुळ कुणी केली?"

"बरं, तुज्या बापाचं लाकूड वाया गेलं का? दोन चापट्या पायजे व्हत्या, दोन लागल्या. मी काय सूसला जात न्हाई."

"आन् पोळपाट काय पत्र्याचा व्हता?"

बहिरूनं स्कूटरची चावी घेतली. तो निघेपर्यंत गोजराबाईनं त्याच सुरीनं फणस फोडला आणि गऱ्यांचा डबा त्याच्या हातात दिला.

"सुलक्षणावन्संला द्या. आन् मूठ हलत न्हाई म्हनून सांगा. येताना पोळपाट आना."