जाताना दोन तास, येताना तीन

काज-बटणाच्या कामात धाकटीचा हात धरेल असं त्या शिवणकामाच्या दुकानात कोणी नव्हतं. पण कारकुनाच्या परीक्षेत नावेचं गणित दिसलं की ती तिथंच अडायची. चार वेळा ती बसली आणि चारही वेळा थोडक्यात हुकली. वयाच्या अटीत आता एकच संधी उरली होती.

वडिलांनी उभा जन्म नदीवर लाँच चालवली होती. बीजगणिताशी त्यांचं कधी जमलं नाही, पण अर्धांगवायूनं अंथरूण धरल्यावर तिची शिकवणी त्यांनीच घेतली. जाताना पाणी ढकलतं, येताना तेवढंच अडवतं, एवढंच ते सांगत. ताशी बारानं गेलीस, आठनं आलीस, तर इंजिन मधलं, दहाचं, पाणी दोनचं. महिनाभर हेच चाललं. एका संध्याकाळी तिनं ओळीनं सहा गणितं बरोबर सोडवली, तेव्हा तोंड वाकडं झालेलं असूनही ते मनसोक्त हसले.

परीक्षेच्या सकाळी त्यांना धाप लागली. डॉक्टर तपासून गेले आणि जाता जाता जिन्यात तिला म्हणाले, यांना आता एकटं सोडू नका.

ती आत आली तर वडिलांचा एकच धोशा, उशीर होतोय, नीघ. तिनं चपला घातल्या, पॅड आणि पेन घेतलं, दार ओढून घेतलं आणि बाहेर पायरीवर बसली. तीन तास ती दाराला कान लावून त्यांचा खोकला ऐकत होती. मग आत गेली.

"आलं होतं का नावेचं?"

"आलं होतं. चोवीस किलोमीटर. जाताना दोन तास, येताना तीन."

त्यांनी डोळे मिटले. ओठ हलत होते.

"इंजिन दहाचं," ते म्हणाले. "पाणी दोनचं."

"तेच लिहिलं, बाबा."

भेटायला येईल त्याला ते अडखळत सांगत राहिले, पोरगी सुटली म्हणून. चौथ्या दिवशी ते गेले.

पुढे मैत्रिणीनं तिला त्या दिवसाचा पेपर आणून दिला. धाकटीनं तो दोनदा चाळला. त्यात नावेचं गणित नव्हतंच. ती उठली. मोरीत जाऊन नळ सोडला आणि पोटभर रडली.

ती अजून त्याच दुकानात आहे. नोकरीचं कोणी विचारलं, की पेपर अवघड गेला, एवढंच म्हणते.