एका कोअरचं काम

"काम काय शे, ते सांगा पहिले."

दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला आबा हेच विचारायचे. विचारताना चष्मा कपाळावर सरकवायचे आणि उजवा कान पुढे करायचे. चांगला प्रोसेसर कोणता, या प्रश्नाला त्यांनी सरळ उत्तर दिल्याचं मी कधी ऐकलं नाही. जळगावच्या बाजारात त्यांचं कॉम्प्युटर जोडणी-दुरुस्तीचं दुकान आणि माझं लग्नपत्रिकांचं दुकान यांच्यात एक लाकडी फळी होती. त्यामुळे माझी इच्छा असो नसो, त्यांचं सगळं मला ऐकू यायचं. त्यांना मात्र शेवटी शेवटी माझं काहीच ऐकू येत नसे.

एकदा चोपड्याहून केळीचे एक व्यापारी आले. घ्यायचा तर सर्व्हरचाच प्रोसेसर घ्या, असं पुण्याच्या भाच्यानं त्यांच्या डोक्यात भरवलं होतं. आबांनी त्यांना चहा पाजला.

"तुमच्याकडे एका टायमाला बिलं किती जण करतात?"

"मी एकटाच."

"मंग? घरात एक मांडा करायचा, त्याले सोळा बाया कसाले बोलावता?"

मांडे, म्हणजे खापरावर भाजलेल्या मोठ्या पुरणपोळ्या, म्हटलं की खानदेशी माणसाला पुढचं सांगावं लागत नाही. तरी आबांनी सांगितलंच. सर्व्हरच्या प्रोसेसरात काम करणारे कोअर पुष्कळ असतात. गावपंगत असली की सोळा खापरांवर सोळा बायका बसवाव्यात, धडाधड मांडे पडतात. डेस्कटॉपच्या प्रोसेसरात बायका थोड्या, पण एकेकीचा हात चलाख. व्यापारी हसले आणि साधं मशीन घेऊन गेले. धुळ्याच्या एका क्लासवाल्यानं उलटं केलं होतं. सगळ्या मुलांची परीक्षा त्यानं एका साध्या डेस्कटॉपवर घेतली आणि ऐन पेपरात मशीननं मान टाकली. आबा फोनवर त्याच्यावर यथेच्छ ओरडले आणि मग एस.टी.नं धुळ्याला गेले.

तुमच्याही बाजारात असा एखादा हट्टी कारागीर असेल, पण आबांचा एक हट्ट जगावेगळा होता. जोडलेलं मशीन ते त्याच दिवशी कधीच देत नसत. "एक दिवस राबू द्या त्याले," म्हणायचे. मग त्यावर कसलासा प्रोग्राम लावायचे, वेळ वहीत लिहायचे, संपला की सगळं पुसून मशीन गिऱ्हाइकाच्या हवाली करायचे. मला वाटायचं, मशीन तापतं का ते बघतात.

ऐन लग्नसराईत त्यांनी माझंच मशीन अडकवून ठेवलं, तेव्हा मात्र माझं डोकं फिरलं. फळीच्या अलीकडून नाही, समोर जाऊन मी वाटेल ते बोललो. आबांनी सगळं ऐकून घेतलं. निदान मला तसं वाटलं. मग त्यांनी हेडफोन माझ्या कानाला लावला. नुसती घरघर, आणि तिच्या तळाशी कोणीतरी बाई गात होती.

"तुमनी काकू," आबा म्हणाले. "श्रावणमा कानबाई देवीनं गाणं म्हणी ऱ्हायनी. मीच टेपवर भरेल शे. शेजारी पिठानी गिरणी चालू व्हती."

"मग गाणं मोकळं करायचंय?"

"गाणं माले पाठ शे. गाणं सरल्यावर ती माले काहीतरी बोलनी. गिरणीमुळे ऐकू उनं नही. मी बी टेपमाच गुतेल व्हतो. म्हटलं, इचारसू मंग."

आबांची बायको, म्हणजे आमच्या काकू, टेप भरली त्याच वर्षी दिवाळीच्या आधी गेल्या. विचारायचं राहूनच गेलं.

म्हणजे जळगावातल्या निम्म्या दुकानांच्या कॉम्प्युटरांनी आपलं पहिलं काम केलं ते या बाईचं बोलणं शोधण्याचं. गिरणीची घरघर एकदा गाळून भागत नसे. एक थर काढला की दुसरा वर यायचा, पुन्हा गाळा. प्रत्येक खेपेला दिवस जायचा आणि इकडे आबांचे कान मिटत चालले होते. त्यांना ते बोलणं स्वतःच्या कानांनी ऐकायचं होतं. मी शरमलो, पण माफी मागितली नाही. ते आजही मनाला लागतं.

मग भुसावळच्या भंगारातून त्यांना सर्व्हरचा एक प्रोसेसर मिळाला. सोळा कोअर! आबा हरखून गेले. सकाळी काम लावलं आणि डबाही न उघडता समोर बसून राहिले. माझ्या मशीनवर दिवसाभरात उरकणारं काम दुकानं बंद व्हायची वेळ आली तरी अर्धंच झालं होतं. पडद्यावर सोळा पट्ट्या होत्या. एक भरलेली, पंधरा रिकाम्या. त्यांचा प्रोग्राम जुना, त्याला एकच कोअर वापरता येत होता.

"बाकीना बठ्ठा बसेल शेत," आबा हळूच म्हणाले. "एकच राबी ऱ्हायना."

बाजाराला मांड्यांचा हिशेब शिकवणारा माणूस स्वतः चुकला होता. एरवी मी चिडवल्याशिवाय राहिलो नसतो.

"माले माहीत व्हतं," ते म्हणाले. "पन वाटनं, इतला जण शेत, कोणीतरी ऐकी."

आबा गेले त्याला दीड वर्ष होईल. त्यांच्या जागी आता मोबाइलची कव्हरं मिळतात. ते जाण्याच्या दोनेक महिने आधी मी नवं डेस्कटॉप घेतलं, एका कोअरचा वेग बघून घेतलं. पत्रिकांची कामं बाजूला सारून आधी त्यावर आबांची फाइल लावली. नऊ दिवस आम्ही दोघं गाळत बसलो. तोवर त्यांचे दोन्ही कान गेल्यातच जमा होते, हेडफोनला की कानातल्या यंत्रालाही दाद देत नव्हते; अगदी कानाशी ओरडलं तरच काही पोचायचं. दहाव्या दिवशी सकाळी गाणं संपलं आणि पाठोपाठ काकूंचा आवाज आला, समोर उभ्या राहून बोलल्यासारखा. हेडफोन माझ्या कानांवर होता. आबा माझ्या तोंडाकडे बघत होते.

"काय म्हणस ती?"

मी हेडफोन काढला. त्यांनी माझा हात धरून हलवला. मग मी त्यांच्या कानाशी तोंड नेऊन ओरडलो. समोरच्या दुकानातली माणसंसुद्धा वळून बघायला लागली.

"हाई मंग करा म्हणे! पयले जेवी ल्या, भाकर थंडी व्हई ऱ्हायनी!"

"आखो काय?"

"बस, इतलंच!"

आबांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. अकराही वाजले नव्हते. ते उठले, माठातलं पाणी घेऊन हात धुतले, टेबलाखालचा डबा काढला आणि माझ्याकडे न बघता जेवायला बसले.