शांताकाकूवर आलेला आळ

हे मी आजवर कोणाजवळ बोलले नाही. नवऱ्याजवळही नाही. मग आत्ताच का? — माहीत नाही. एकटीला पेलवेनासं झालंय, एवढंच.

मी समाजकार्यकर्ती. यवतमाळ जिल्ह्यात, घरात मार खाणाऱ्या बायकांसाठी काम करते. अकरा महिन्यांचं कंत्राट, बरोबरच्या जागा रिकाम्या, दारव्ह्यापासून बाभुळगावपर्यंत मीच एकटी. थकले होते — पण नाही, थकव्याच्या आड लपायचं नाही असं ठरवूनच लिहायला बसले आहे.

बोरी अरबजवळच्या एका खेड्यात संगीता राहायची. नवरा मारायचा. तिच्याकडे फोन नव्हता, म्हणून आमचं ठरलं होतं — फार झालं की शेजारच्या शांताकाकूच्या फोनवरून मला मिस्ड कॉल द्यायचा. मी उलट फोन करायचा नाही, थेट घरी जायचं, सहज आल्यासारखं; तिनं बोलावलंय हे नवऱ्याला कळू द्यायचं नाही. आमच्या कामातला हा पहिला धडा. नव्या मुलींना तो मीच शिकवते!

एका दुपारी मिस्ड कॉल आला. ऊन मी म्हणत होतं, दोन एसट्या बदलून जायचं होतं. आणि मी काय केलं? — तिच्या नवऱ्याला फोन लावला. संगीताचा फोन आला होता, बरी आहे ना, असं चक्क विचारलं. तो गोड बोलला. बरी आहे म्हणाला, शेतात गेलीय म्हणाला. आत्ता शेजारून फोन करणारी बाई इतक्यात शेतात कशी पोचेल? हे मला तेव्हाच कळलं होतं. तरी मी फोन ठेवला. खोटं कशाला बोलू — चक्कर वाचली म्हणून बरं वाटलं.

त्या संध्याकाळी त्यानं तिला इतकं मारलं की डावा कान कायमचा गेला.

ती आता माहेरी असते. भेटली की म्हणते, "ताई, इकून बोला, त्या कानानं ऐकू नाही येत." माझ्या फोनचं तिला ठाऊक नाही. तिला वाटतं, शांताकाकूनंच नवऱ्याला सांगितलं. गावात तिला आसरा देणारी ती एकच बाई — आणि तिच्याशीच संगीतानं बोलणं तोडलं.

काकू एकदा ऑफिसात येऊन रडली. "म्या नाही सांगतलं वो ताई. तुमी तरी समजावा तिले." समजावते म्हणाले मी. कशी समजावणार होते?

मागच्या महिन्यात काकू गेली. संगीता मातीला गेली नाही. "कायले जाऊ?" म्हणाली, आणि माझा हात घट्ट धरला. "तुमच्याबिगर कोन हाय मले?"

मी तिच्या डाव्या बाजूला बसले होते, बहिऱ्या कानाकडे. तिकडूनसुद्धा माझ्या तोंडून शब्द फुटला नाही.