चौघांचा कापूस

कुणाचा सल्ला मोडायचा नाही, हा नामदेवभावजींचा आयुष्यभराचा नेम होता. ते माझे चुलत दीर. उमापूरजवळ आमचा बांधाला बांध. साखर वाईट म्हणणारा शेजारी बसला की ते बिनसाखरेचा चहा पीत, आणि तो उठून गेल्यावर दुसरा कुणी "साखर घ्या, अंगात ताकद राहते" म्हणाला की गोड चहा पीत. "इचारायचं अन् ऐकायचं न्हाई, ह्ये माणसाच्या तोंडावर दार लावल्यावानी हाय," असं म्हणत.

चहापर्यंत ठीक होतं. एका वर्षी त्यांनी कापसालाही तोच न्याय लावला. खतं-औषधांचे दुकानदार शिवाजीशेठ म्हणाले, पान वळलं की लगेच फवारा. कृषी सहायक म्हणाले, आधी कीड मोजा, मग फवारा. पुण्याच्या जावयानं मोबाइलवर बघून ताक-गुळाचं पाणी सुचवलं. मी एवढंच म्हटलं होतं, की दाट लावू नका, हवा खेळू द्या. भावजींनी दोन एकरांचे चार पट्टे केले आणि तेलाच्या डब्याचा पत्रा कापून प्रत्येकावर नावाची पाटी ठोकली. माझ्या पाटीवर नुसतंच 'वहिनी'. शेठची पाटी नेमकी रस्त्याला लागून.

"भावजी, हा कापूस आहे का मतदारसंघ?"

"कुणाला वाईट वाटाया नगं, वहिनी."

वाईट आम्हालाच वाटायला लागलं. बाजाराला जाणारे गाडी थांबवून शेठच्या पट्ट्यातली वाळकी झाडं एकमेकांना दाखवत. शेठ संध्याकाळी गुपचूप येऊन ती उपटून नेत. सहायक साहेब आले की आधी आपल्या पट्ट्यातलं गवत काढत आणि हळूच विचारत, "शेठ येऊन गेले का?" जावई रोज व्हिडिओ कॉल करी, "मामा, माझा कापूस दाखवा." भावजींची बायको कमल मागून ओरडे, "आमची लेक कशी हाय, त्ये बी दावा की कवातरी!"

बोंडं धरायच्या वेळेला पावसानं दडी मारली. घरचं सगळं वर्ष त्या दोन एकरांवर निघायचं, आणि विहिरीत पाणी उरलं एका पट्ट्यापुरतं. भावजींनी मोटार लावली, पाइप खांद्यावर घेतला आणि तसेच उभे राहिले.

"द्या की कुठंतरी!" कमल म्हणाली.

"कुणाला देऊ? जावयाला दिलं तर शेठ रुसतेल. सायबाला दिलं तर वहिनी."

"मी रुसत नाही, द्या!" मी बांधावरून ओरडले.

"तुमी वरवर म्हणताव."

पाणी त्यांच्याच पायावर सांडत होतं. चपला चिखलात रुतल्या होत्या आणि चारही अंगांनी कापूस माना टाकत होता. कमलनं मोटार बंद केली, त्यांच्या खिशातला फोन काढला आणि शेठला लावला. "शेठ, तुमच्या नावाचा कापूस मरायलाय. रस्त्यावरून समद्याला दिसायलाय."

शेठनी टँकर धाडला. ते कळल्यावर सहायक साहेबांनी ओळखीच्या माणसाच्या शेततळ्यातून पाणी मिळवलं. विहिरीचं पाणी जावयाच्या पट्ट्याला गेलं; मान त्याचा. मी माझ्या बोअरचा पाइप ओढून आणला आणि दिवसभर भावजींच्या नावानं बोटं मोडत पाणी दिलं. कापूस जगला. कुणाचा सल्ला बरोबर, हे मात्र कुणालाच सांगता येईना, कारण तोवर चौघांनीही आपापला सल्ला सोडून सुचेल ते करून टाकलं होतं.

पुढच्या वर्षी भावजी समोरून दिसले की आता सल्ला विचारतील म्हणून माणसं वाट बदलायला लागली. एका सकाळी ते पिवळं पडलेलं पान घेऊन माझ्या दारात आले. चेहरा पार उतरलेला.

"वहिनी, शेठला पान दावलं. कसलंबी पान न्या, बाटली देणारा माणूस. आज चष्मा लावून उलटंसुलटं बघितलं अन् म्हणाले, 'मला ठाऊक न्हाई, आधी सायबाला दावू.' बाटली बी दिली न्हाई. लई आजारी हायत का काय?"

"आजारी नाहीत, भावजी," मी म्हटलं. "बरे झालेत."