पेजेवरची निवळ

ऐंशी सालानंतरची गोष्ट. माझ्या नातीच्या टाळूला जन्मापासून भोक होतं. दूध पाजलं की अर्धं नाकातून बाहेर. शेजारणी बघायला यायच्या आणि ग्रहणात हिच्या आईने काय चिरलं त्याची चौकशी करायच्या. मी विचारलं, "तुमच्या आयांनी ग्रहणात काय चिरलं होतं, की तुमची तोंडं बंदच होत नाहीत?" मग येणं कमी झालं.

मुलगा मुंबईला कामाला, म्हणून सुनेला आणि पोरीला रत्नागिरीच्या दवाखान्यात न्यायचं माझ्याकडे आलं. पोर दीड वर्षाची. ऑपरेशनचे डॉक्टर बाहेरून यायचे, पण खरी सत्ता भूल देणाऱ्या बाईंची. त्यांनी बाजारात सुरमई तोलावी तसं पोरीला तोललं, नखं बघितली, ओठ बघितले आणि छातीला नळी लावून ऐकतच बसल्या.

"बाई, भोक वर आहे. खाली काय शोधताय?"

"आजोबा, जन्मतः एका ठिकाणी काही राहिलं असलं की दुसरीकडेही बघावं लागतं. हृदयात दोष असला तर भूल वेगळी द्यावी लागते."

हृदय ठणठणीत निघालं. घराण्यावर गेलंय, मी म्हटलं. बाई हसल्या नाहीत. सर्दी नको, ताप नको आणि त्या सकाळी पोटात काहीही नको, असं बजावून त्यांनी तारीख दिली.

आदल्या दिवशी आमच्या गावाहून, पालीहून, एसटीने येऊन आम्ही रत्नागिरीतच मांडवीला माझ्या बहिणीकडे उतरलो. सकाळी पोर भुकेने किंचाळत उठली. सून आंघोळीला गेली आणि ती माझ्या मांडीवर आली. चुलीवर पेज शिजत होती. आता पेजेला आमच्याकडे कोण जेवण म्हणतो? माणूस पेज पिऊन शेतात जातो आणि दुपारी म्हणतो, सकाळपासून पोटात काही नाही. मी तर पेजही दिली नाही. वरची निवळ, नुसतं पाणी, गार करून दोन चमचे. पोर गप्प झाली. मी तिचं नाक पुसलं.

दवाखान्यात बाईंनी सुनेला विचारलं, "काही दिलं नाही ना?"

"नाही."

"मग नाकपुडीत हे पांढरं काय? खरं सांगा. रडणं बघवत नाही म्हणून आया चोरून पाजतात."

"देवाशप्पथ नाही हो!" सून रडायला लागली.

बाई समजावू लागल्या. भूल दिल्यावर पोटातलं वर येतं आणि छातीत उतरतं. आपण ठसका देऊन बाहेर टाकतो, भुलीत ठसकाच लागत नाही. एवढ्याशा पोरीची श्वासनळी करंगळीहून बारीक, जीव जाऊ शकतो.

मी भिंतीकडे बघत होतो. साठ वर्षांत मी चुकलो असं कुणाला म्हटलं नव्हतं. बायको ते ऐकायची वाट बघून मेली. सुनेच्या शपथा चालूच होत्या, आणि बाईंना त्या खऱ्या वाटायला लागल्या. "लाळ वाळली असेल," त्या म्हणाल्या. नर्सने पोरीला उचललं.

"थांबा. मी पाजली. निवळ."

"काय?"

"पेजेवरचं पाणी."

सुनेने आयुष्यात पहिल्यांदा मला अरे-तुरे केलं. "म्हाताऱ्या, मारली असतीस रे माझ्या पोरीला!"

ऑपरेशन रद्द झालं. बाई म्हणाल्या, "बोललात हे बरं केलंत."

"काहीही नको म्हणजे काय, बाई? पेज नको म्हणून सांगायचं."

"बरं. पेज नको, निवळ नको, चहा नको, तीर्थ नको, अंगारा नको. आणखी काय देता तुम्ही लोक?"

मी आठवून म्हटलं, "मध."

त्यांनी तेही कागदावर लिहून घेतलं.

पुढच्या खेपेला सुनेने पोरीला माझ्या वाऱ्याला उभं केलं नाही. ऑपरेशन झालं. पोर शुद्धीवर येऊन रडली आणि बाई पहिल्यांदा हसल्या. सून दिवसभर खाटेला चिकटून होती. संध्याकाळी म्हणाली, "मामंजी, बसा जरा हिच्याजवळ. पाय मोकळे करून येते."

जाताना तिने पाण्याचा तांब्या सोबत नेला, आणि दारातून दोनदा वळून माझ्या हातांकडे बघितलं.