मंजुळाबाईंचा झिरा

मंजुळाबाईंनी मला एकच अट घातली होती आणि ती मी मोडली. आधीच सांगून टाकते, म्हणजे माझ्याबद्दल कुणाचा गैरसमज नको.

साताऱ्याच्या डोंगराआड मेंढरं राखणाऱ्यांची वीसेक घरांची वाडी आहे. मंजुळाबाई तिथल्या. बहात्तरच्या दुष्काळात त्या नवी नवरी होत्या. सासूनं त्यांना घळीत नेलं आणि एक चपटा दगड सरकवून दाखवला. खाली हातभर खोल झिरा, सतत पाझरणारा. त्या पाण्यावर वाडी जगली. जनावरं पाजून झाली की दगड परत ठेवायचा, वर बाभळीची फांदी टाकायची आणि परक्याला वाट सांगायची नाही, हा वाडीचा कायदा.

पुढं शहर डोंगराला येऊन भिडलं आणि मुरूम काढायला यंत्रं आली. तेव्हा मंजुळाबाईंनी वाडीतल्या बाया गोळा केल्या आणि नुकती जन्मलेली कोकरं यंत्रांच्या वाटेत आणून सोडली. मेंढ्या कोकरांना सोडून हलेनात, बाया मेंढ्यांना सोडून हलेनात. नवव्या दिवशी यंत्रं परत गेली. झिरा वाचला, पण या भांडणाचा कुठं एक कागद नाही.

मी भानुमती, पायथ्याच्या नव्या कॉलनीत राहणारी निवृत्त शिक्षिका. डोंगर राखणाऱ्या माणसांच्या आठवणी त्यांच्याच तोंडून टिपून पुस्तिका छापायचा उद्योग आम्ही काही जणींनी मांडला होता. २०११ च्या हिवाळ्यात रेकॉर्डर घेऊन मी वाडीवर गेले. तीन दिवस मी त्यांचं ऐकून घेतल्यावर मंजुळाबाईंनी मला झिऱ्यापर्यंत नेलं आणि ओंजळभर पाणी प्यायला दिलं.

"समदं लिवा ताई," त्या म्हणाल्या. "यंत्रं परत आली तर दाखवाया कागुद पायजे. पर वाट लिवू नका."

"नाही लिहिणार, मावशी."

आमच्या घराण्यात तीन पिढ्या दस्त लिहिण्यात गेल्या. जागा आली की चतुःसीमा, म्हणजे चारी दिशांच्या खुणा, आल्याच, त्यांच्याशिवाय आम्हाला कागद पुरा वाटत नाही. पुस्तिका लिहायला बसले आणि हाताला चैन पडेना. पूर्वेस पडकी चौकी, दक्षिणेस जोडपळस, तिथून घळीत शंभर पावलं, सगळं लिहून टाकलं. एवढा पुरावा नसेल तर उद्या झिरा वाचवणार कसा, अशी मनाची समजूत घातली. काय तो शहाणपणा! छापून आल्यावर कॉलनीत घरोघर पुस्तिका मीच वाटल्या, मोठ्या मिजाशीत.

पुढच्या वर्षी पावसानं दगा दिला. त्यानंतरच्या उन्हाळ्यात आमच्याकडं आठवड्याला एक टँकर यायचा, मचूळ पाण्याचा. एप्रिलात एक दिवस वेगळाच टँकर आला. पाणी इतकं गोड, की बाया घरातली पातेलीसुद्धा घेऊन धावल्या. मी तिथंच उभी राहून तांब्याभर प्यायले आणि दोन हंडे भरून घेतले.

"कुठलं हो हे पाणी?" टँकरवाल्या कडुबाला मी विचारलं.

"डोंगरातलं, म्याडम. मालकानं घळीत बोअर मारला. तुमच्याच कॉलनीतल्या कुणी त्याला पुस्तक दिलं व्हतं. त्यात समदा पत्ता हाय."

मी हंडे तिथंच सोडून घरात गेले आणि दार लावून घेतलं.

वाडीवर जायची हिंमत व्हायला चार दिवस लागले. आधी घळीत गेले. बोअर झिऱ्यापासून दहा पावलांवर होता. झिऱ्यावर दगड होता, दगडावर बाभळीची ताजी फांदी होती. दगड सरकवला. खाली ओलसुद्धा नव्हती. आटलेला झिरा मंजुळाबाई अजून रोज झाकून ठेवत होत्या. मला तिथंच रडू कोसळलं.

वाडीत मेंढरं कोंडायचे अर्धे वाडगे रिकामे होते. पाण्यावाचून मेंढरं विकली गेली होती. मंजुळाबाई दारात बसल्या होत्या. मी त्यांना सगळं सांगितलं, वाट लिहिल्याचं, पुस्तिका वाटल्याचं, टँकरचं. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्यांनी फक्त विचारलं, "तुमच्याकडं आलेलं पाणी तुमी पेलात?"

"हो, मावशी."

"गोड व्हतं?"

"हो."

"व्हय, गोडच हाय ते," त्या म्हणाल्या आणि पदरानं डोळे पुसले. "मंग हे बी लिवा."

म्हणून लिहिलं. या खेपेला चतुःसीमा दिल्यात, त्या माझ्या घराच्या: साताऱ्याच्या डोंगराच्या पायथ्याची कॉलनी, पाण्याच्या टाकीसमोर, डावीकडून तिसरं दार. घळीतल्या पाण्याचा टँकर तिथं अजून येतो.