प्रवास नको, मीच येते

सातवा महिना लागला तेव्हा माझं पुण्याचं तिकीट काढून झालं होतं. पहिलं बाळंतपण माहेरी, हे आमच्याकडे कुणी ठरवत नाही, ते ठरलेलंच असतं. न्यायच्या साड्यांतल्या सुती तेवढ्या मी बाजूला काढून ठेवल्या होत्या. तेवढ्यात एका रविवारी आईचा फोन आला.

"अगं, एवढ्या उन्हात गाडीचा प्रवास नको. मध्येच काही झालं तर कुणाला हाक मारणार आहेस? तू तिकडेच राहा. मीच येते."

मला भरून आलं. गुडघेदुखीने जिना चढताना कण्हणारी माझी आई माझ्यासाठी दिल्लीच्या उन्हाळ्यात येणार होती. मी तिकीट रद्द करायला सांगितलं. नवऱ्याने लगेच केलं.

त्याआधीच्या हिवाळ्यातच आम्ही दिल्लीजवळ गुडगावला राहायला आलो होतो. केंद्र सरकारची नोकरी सोडून तो एका नव्या परदेशी कंपनीत लागला, म्हणून दिल्लीतलं सरकारी क्वार्टर सोडावं लागलं. तिथल्या भिंती हातभर जाड होत्या आणि खिडकीला कडुनिंबाची सावली होती. इथे अगदी वरचा मजला होता, आजूबाजूला मोकळे प्लॉट, विटांचे ढीग आणि उडणारी माती. जानेवारीत घरभर ऊन यायचं तेव्हा आम्ही खूश झालो होतो. मे महिन्यात त्याच घराची भट्टी झाली. टाकीतलं पाणी एवढं तापायचं की दुपारी नळाखाली हात धरवत नसे, म्हणून सकाळीच बादल्या भरून ठेवायच्या. कूलर होता, पण वीज गेली की तोही ठप्प, आणि सोसायटीचा जनरेटर फक्त लिफ्टपुरता. नवरा सकाळी एसी ऑफिसात जायचा. मी ओला पंचा मानेवर टाकून डाव्या कुशीवर पडून राहायची आणि आईची वाट बघायची.

आई दर फोनला नवं कारण सांगायची. सुट्ट्यांची गर्दी आहे, तिकीट मिळत नाही. बाबांचं ब्लडप्रेशर वाढलंय. "येते गं, येते. तू फक्त उन्हात बाहेर पडू नकोस."

तळमजल्यावर एक पंजाबी आंटी राहायच्या, शाळेतून निवृत्त झालेल्या. जिन्यात भेटल्या की विचारायच्या, "बेटा, मम्मी कब आ रही हैं?" मी म्हणायची, "बस, इसी हफ्ते।" हे मी किती आठवडे म्हटलं असेल, देव जाणे.

माझे पाय सुजायला लागले होते. पाण्यानेच सूज येते अशी माझी समजूत, म्हणून मी पाणी कमी केलं. एका दुपारी वीज गेली, लू, तिकडचा तो भाजणारा वारा, खिडक्यांवर आदळत होती, आणि माझं पोट दगडासारखं घट्ट झालं. सुटलं. पुन्हा घट्ट झालं. अजून दिवस भरायला कितीतरी अवकाश होता. भिंतीला धरून मी लिफ्टपर्यंत गेले आणि आंटींच्या दारात पोचून मटकन खाली बसले. त्यांनीच टॅक्सी मागवली, त्याच मला दवाखान्यात घेऊन गेल्या आणि नवऱ्याला फोनही त्यांनीच केला.

डॉक्टरीणबाईंनी तपासून विचारलं, "पानी कितना पीती हो?" मी सूज दाखवली. त्या वैतागल्या. "सूजन पानी पीने से नहीं होती। शरीर सूखा पड़ा है, इसीलिए पेट कस रहा है।" सलाईन लावलं. संध्याकाळपर्यंत पोट सैल झालं, बाळ हललं, आणि मला रडू फुटलं. घरी सोडताना त्यांनी बजावलं, घोट घोट करत दिवसभर पाणी, ताक, लिंबूसरबत घ्यायचं, दुपारी वरच्या मजल्यावर राहायचं नाही आणि पोट पुन्हा असं आवळलं तर वाट न बघता इकडे यायचं.

घरी आल्याआल्या मी पुण्याला फोन लावला. मला आई हवी होती, बाकी काही नको होतं.

फोन बाबांनी घेतला. आई कुठेय विचारलं तर म्हणाले, देवळात गेलीये. दुसऱ्या दिवशी म्हणाले, झोपलीये. तिसऱ्या वेळी मी ओरडलेच, "बाबा, ती काय दिवसभर झोपते का? उठवा तिला!"

बाबा हळूच म्हणाले, "म्हणजे, जावईबापूंनी सांगितलं नाही तुला?"

आई अमेरिकेला गेली होती. भाऊ तिकडे सॉफ्टवेअरमध्ये होता आणि वहिनीलाही दिवस गेले होते, हे मला माहीत होतं. वहिनीची आई जाणार होती, पण त्यांना व्हिसा नाकारला गेला. माझ्या आईला मिळाला. मला 'प्रवास नको' म्हणाली त्याच्या आधीच हे सगळं पक्कं झालं होतं.

नवरा ऑफिसातून आला तेव्हा मी दारातच उभी होते. "तुला कधीपासून माहीत होतं?"

त्याने बूटसुद्धा काढले नाहीत. "तुझ्या बाबांचा मागेच ऑफिसात फोन आला होता. तुला टेन्शन नको म्हणून... म्हटलं, बाळंतपण होऊ दे, मग सांगू."

"मी रोज तिची वाट बघत होते. तू बघत होतास ना मला वाट बघताना?"

तो खाली वाकून बुटांच्या नाड्या सोडू लागला. त्या उकाड्यात मला जे जे जपणं वाटलं होतं, त्या प्रत्येकातून कुणीतरी आपली सोय करून घेतली होती.

त्यानंतरच्या दुपारी मी आंटींकडे काढल्या. तळमजल्यावर त्यांच्या खोलीत वाळ्याचा पडदा होता, फरशी थंड असायची. मम्मी आता येणार नाहीत, एवढंच मी सांगितलं. त्यांनी पुन्हा कधी विचारलं नाही. दर थोड्या वेळाने माझ्या हातात लस्सीचा नाहीतर लिंबाच्या शिकंजीचा ग्लास द्यायच्या आणि तो रिकामा होईपर्यंत समोर बसायच्या. ऑगस्टमध्ये मुलगी झाली, दिवस भरून, ठणठणीत. लेबर रूमच्या बाहेर नवऱ्यासोबत त्याच बसल्या होत्या.

आई आली ती दिवाळीत. बॅगेत नातीसाठी मऊ परदेशी कपडे होते आणि भावाच्या मुलाचे ढीगभर फोटो. मी तिला जेवायला वाढलं, आंघोळीला पाणी तापवून दिलं. दोन दिवस आम्ही बाळाबद्दलच बोललो. तिसऱ्या दिवशी ती बाळाला तेल लावत बसली होती, तेव्हा मी विचारलं.

"खरं का नाही सांगितलंस? मी जा म्हटलं असतं."

तिचा हात थांबला नाही. "माहितीये. तू जा म्हटलं असतंस, आणि मग माझा पाय निघाला नसता. तिला तिकडे कुणी नव्हतं गं. तू खंबीर आहेस."

"मलाही इथे कुणी नव्हतं, आई."

ती बाळाला पालथं घालून पाठ चोळू लागली.

नवऱ्याशी पुढे सगळं सुरळीत झालं. संसारात होतं तसं. पण तो 'काळजी करू नकोस' म्हणाला की आजही मी आधी विचारते, काय झालंय. आई आता नाही. तिच्या शेवटच्या आजारपणात मी पुण्याला जाऊन राहिले, मनापासून तिचं सगळं केलं. ती मला 'गुणाची माझी' म्हणायची. ऐकून बरं वाटायचं, पण मी तिच्यावर पुन्हा पूर्ण विश्वास ठेवू शकले नाही, आणि मला वाटतं, तिलाही ते कळत होतं.